अण्णांच्या कानातला तानपुरा

गेल्या जुलैत फोनवर अण्णा सहज बोलून गेले, "आता गाणं लावत नाही गं मी. तानपुरा थरथरतो. आधी वाटलं टेप खराब झाली, मग वाटलं आपलाच कान सुरातून गेला." आणि लगेच विषय बदलून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे अजून रात्री दहापर्यंत उजेड असतो काय?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. कोपनहेगनच्या बाहेर ज्या ऑफिसात मी नोकरी करते, तिथे श्रवणयंत्रांचंच सॉफ्टवेअर लिहितात. तो तानपुरा का थरथरतो हे मला चांगलं ठाऊक होतं. वडिलांनी मशीन घेऊन दोन वर्षं झाली होती. ते आमच्या कंपनीचं नाही, पण आतली करामत सगळीकडे साधारण सारखीच. आणि त्या दोन वर्षांत, अण्णा, तुम्हाला त्यातून गाणं कसं ऐकू येतं, एवढं मी एकदाही विचारलं नव्हतं.

घरात कुणाला मशीन असेल तर त्याची शिट्टी तुम्ही ऐकलीच असेल. माइक आणि स्पीकर एकमेकांच्या इतके जवळ असतात की कानात सोडलेला आवाज फटीतून गळतो, माइक तो परत उचलतो, मशीन परत मोठा करतं, आणि शिट्टी वाजायला लागते. ती दाबायला आत एक सोय केलेली असते. एकाच उंचीचा, न हलणारा, लांबलचक सूर आला की तिला वाटतं ही शिट्टीच. मग ती त्याच्या उलट लाट सोडून तो सूर खोडायला बघते. बोलण्यात असे सूर सहसा येत नाहीत, म्हणून बोलणं नीट पोचतं. तानपुऱ्यात मात्र दुसरं काही नसतंच. यंत्र त्याला पुसत राहतं, तो परत उमटत राहतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं सूर हलतोय. शिवाय बारीक आवाज मोठा करायचा आणि मोठा दाबायचा हे मशीनचं कामच. गप्पांना ते सोयीचं. ख्यालात गवई मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, अगदी हलकेच एखादी जागा दाखवतो आणि तासाभराने तान सभागृहभर फेकतो, ती सगळी चढण-उतरण मात्र सपाट होऊन जाते.

म्हणजे अण्णांच्या कानाचा काही दोष नव्हता. सुरातून ते नाही, मशीन गेलं होतं. आणि एवढ्या एका गैरसमजापायी माझ्या वडिलांनी गाणं सोडलं होतं.

हे किती मोठं होतं ते सांगायला हवं. अण्णा कापडाच्या मिलमध्ये होते, सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात. मिलचा खडखडाट तीस वर्षं कानावर घेतला, आज कान गेलेत ते त्यानेच. पाळी संपवून आले की हात-पाय धुऊन टेपरेकॉर्डर लावायचे आणि जमिनीवर मांडी घालून बसायचे. मिल बंद पडली त्या वर्षी आईची पाटलीसुद्धा मोडली, पण टेपरेकॉर्डर घरातून गेला नाही. आमच्या घरात ज्यांचं गाणं सर्वांत जास्त वाजलं त्यांना आम्ही नुसतं 'बाई' म्हणतो. बाई म्हटलं की कोण, हे आमच्याकडे विचारावं लागत नाही. मी गाणं शिकले नाही. अण्णांच्या मांडीवर पडणाऱ्या बोटांवरून ताल शिकले, आणि ती बोटं थबकली की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जवळ आली हे ओळखायला लागले.

बाई जानेवारीत सोलापूरला गाणार आहेत असं भावाने कळवलं आणि मी रजा टाकली. लेकीची शाळा बुडवली. (इथे शाळा बुडवायची तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी लागते. 'आजोबांबरोबर गाणं ऐकायला' असं कारण लिहिलं, आणि त्यांनी लगेच हो म्हटलं.)

सोलापूरला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी अण्णांना घेऊन, मशीन जिथून घेतलं होतं त्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. आम्ही दोघांनी बसून मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम केला: शिट्टी दाबणं बंद, गोंगाट कमी करणं बंद, आवाजाची दाबादाबी जमेल तितकी कमी. जिथपर्यंत शिट्टी वाजत नाही तिथपर्यंतच आवाज वाढवला. बटण जरा वेळ दाबून धरलं की दोनदा टिंग वाजतं, मग गाण्याचा प्रोग्राम सुरू. तुमच्या घरी कुणी मशीन लावत असेल आणि गाणं ऐकणं सोडलं असेल, तर कृपा करून एवढं एकदा विचारा. बहुतेक नव्या मशीनमध्ये ही सोय असते, फक्त कुणीतरी ती चालू करून द्यावी लागते.

कार्यक्रम हुतात्मा स्मृती मंदिरात होता. गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, भरलेला, होम मैदानाकडच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नाही, त्यामुळे रिक्षा पार्क चौकाच्या बरीच अलीकडे सोडावी लागली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवर १२ जानेवारीचे हार अजून होते. लेकीने विचारलं हे कोण, तर अण्णांनी गर्दीतच थांबून चारही नावं घेतली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३१ मध्ये येरवड्याला फाशी गेले ते. "आणि आपण त्यांच्याच नावाच्या घरात गाणं ऐकायला चाललो," असं म्हणून त्यांनी तिचा हात धरला आणि चालायला लागले.

जागा मी बघून घेतली होती. स्पीकरच्या तोंडासमोर नको, तिसरी रांग, मधोमध. आई, वहिनी, भाऊ, मधे अण्णा, त्यांच्या एका बाजूला लेक आणि दुसऱ्या बाजूला मी. बाई येऊन बसल्या, नमस्कार केला, आणि दोन्ही तानपुरे जुळवायला घेतले.

"आजोबा, त्या तारेखाली काय घालतायत?" लेकीने विचारलं.

तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेखाली बोटभरसुद्धा नसलेला एक दोरा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवला की तार मोकळी बोलायला लागते, नुसता टणत्कार न येता झंकार येतो. हीच जवारी. अण्णांना तो दोरा तिथून दिसणं शक्यच नव्हतं. तरी ते म्हणाले, "सूत आहे ते. आपलंच. सुताशिवाय तानपुरा बोलत नाही." मग भोपळ्याकडे बोट दाखवून, "आणि तो भोपळाही आपल्या जिल्ह्यातला, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. तिथून मिरजेला जातो, तिथले कारागीर त्याचा तानपुरा करतात." लेक भोपळ्याकडे बघतच राहिली. डेन्मार्कमधल्या तिच्या शाळेत तिने ऑक्टोबरात भोपळ्यावर डोळे-नाक कोरले होते.

मी अण्णांच्या कानामागचं बटण दाबून धरलं. टिंग, टिंग. त्यांनी डोळे मिटले. बाईंच्या मागे बसलेल्या मुलीने पहिली तार पंचमावरून चढवत चढवत निषादावर नेली. अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "पंचम काढला. पूरिया गाणार, नाही तर मारवा." या दोन्ही रागांत पंचम नसतो.

मला पुढचं काही दिसेना. चष्मा पुसायच्या निमित्ताने मान खाली घातली.

पूरियाच होता. बाहेर नुकताच दिवस मावळलेला, रागाची वेळ तंतोतंत. इथे डेन्मार्कमध्ये ही वेळ मला कधी सापडत नाही. डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच सूर्य बुडतो तेव्हा मी मीटिंगमध्ये असते, जूनमध्ये तो बुडतो तेव्हा लेक झोपलेली असते. हेडफोनवर मी पूरिया शेकडो वेळा ऐकलाय, पण त्याच्या संध्याकाळी, माणसांमध्ये बसून, कित्येक वर्षांनी ऐकत होते.

मारवा, पूरिया, सोहनी, तिघांचे स्वर तेच. लहानपणी मी अण्णांना विचारलं होतं, मग ते वेगळे कसे? ते म्हणाले होते, "सूत एकच, वीण वेगळी." बाई मंद्र निषादावर गेल्या आणि तिथेच राहिल्या. किती वेळ ते सांगता येणार नाही. विलंबित एकताल इतका सावकाश की तालाचं एक आवर्तन, समेपासून समेपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मिनिट. अण्णांची बोटं मांडीवर पडायला लागली, अंगठा पेरांवरून सरकायला लागला. शेवटचं 'तिरकिट' आलं, बोटं थबकली, बाई समेवर आल्या, आणि मागून कुणीतरी "वा!" म्हणालं, डावीकडून कानडीत "भले!" आणि अण्णांनी नुसता हात वर केला.

लेक माझ्या कानाशी आली. "आई, गाणं चालू असताना लोक बोलतायत." तिचंही बरोबर. इथे डेन्मार्कमध्ये सगळे श्वास रोखून ऐकतात आणि शेवटी उभे राहून टाळ्या देतात, त्या शांततेचाही मला आदर आहे. पण दाद मधेच द्यायची असते. ती गाणाऱ्यापर्यंत पोचते आणि पुढच्या आवर्तनात परत येते. बाईंनी त्या "भले"कडे बघून हसून तीच जागा पुन्हा, जराशी वेगळी करून, दिली. अर्ध्या तासाने लेकीच्या तोंडूनही एक छोटं "वा" गेलं आणि तिने झटकन तोंडावर हात ठेवला. अण्णांनी तो हात अलगद खाली घेतला.

शेवटी बाईंनी सिद्धरामेश्वरांचं वचन गायलं. त्यांच्याच गावात, बाराव्या शतकातले त्यांचे शब्द, आणि बाहेर त्यांचीच यात्रा भरलेली. आईचं माहेर अक्कलकोटचं, कानडी तिची लहानपणची भाषा. एरवी अण्णांच्या गाण्याच्या वेळी ती स्वयंपाकघरात असायची. त्या दिवशी ती ओठांतल्या ओठांत पूर्ण वचन म्हणत होती. तिला ते पाठ आहे हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

बाहेर आलो तर गड्ड्याचा सगळा गोंगाट अंगावर आला: पाळणे, पिपाण्या, भोंगे, रिक्षांचे हॉर्न. गाण्याच्या प्रोग्राममध्ये मशीन यातलं काही म्हणजे काही गाळत नाही. अण्णांना त्रास होईल म्हणून बटण बदलायला मी त्यांच्या कानाकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे की. किती दिवसांनी गड्डा असा ऐकतोय."