तुम्ही विचारलंत म्हणून: हे राजवाडे खरे की नंतर बनवलेले?

मराठी मंडळींना सेंट पीटर्सबर्ग आणि आसपासचे झारकालीन राजवाडे दाखवणं हे माझं काम. त्सारस्कोये सेलोच्या कॅथरीन राजवाड्यातलं अंबर दालन (अंबर म्हणजे झाडाचा चीक दगडासारखा होऊन बनलेला पिवळा पदार्थ, त्याने भिंती मढवलेल्या) बघून बाहेर पडलं की कुणीतरी विचारतंच, "हे सगळं खरं आहे, की नंतर बनवलेलं?" त्या प्रश्नात थोडी हुरहुर असते. एवढ्या लांब येऊन आपण नक्कल तर बघितली नाही ना? मागून गट येत असतो, पुढे सरकावं लागतं, आणि उत्तर अर्धंच राहतं. ते इथे सविस्तर देते.

अंबर दालन नवं आहे. मूळ अंबराच्या फळ्या प्रशियाच्या राजाने १७१६ मध्ये पीटर द ग्रेटला भेट दिल्या होत्या. पुढे १७५५ मध्ये त्या त्सारस्कोये सेलोला आल्या. तिथलं दालन मोठं, फळ्या अपुऱ्या. म्हणून रास्त्रेली या वास्तुकाराने मधल्या जागा आरशांनी आणि सोनेरी कोरीवकामाने भरून काढल्या. १९४१ मध्ये जर्मन सैन्य जवळ आलं तेव्हा अंबर इतकं ठिसूळ झालं होतं की हात लावताच तुकडे पडायला लागले. संग्रहालयाच्या लोकांनी ते जागेवरच झाकून ठेवलं. जर्मनांनी ते उतरवून कोनिग्सबर्गला नेलं आणि १९४५ नंतर त्याचा ठावठिकाणा लागला नाही. आज दिसतं ते काम १९७९ मध्ये सुरू झालं आणि २००३ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. हाताशी होते ते मुख्यतः काळे-पांढरे फोटो. रंगीत दगडांचे तुकडे जुळवून केलेलं एक मूळ चित्र मात्र जर्मनीत सापडलं आणि २००० मध्ये परत आलं.

म्हणजे नक्कलच, असं कुणी म्हणेल. पण मग हिवाळी राजवाड्याचं, म्हणजे आजच्या हर्मिटाज संग्रहालयाच्या मुख्य इमारतीचं, काय करायचं? ती सगळ्यांना अस्सल वाटते. बाहेरून ती रास्त्रेलीचीच आहे, १७५४ ते १७६२ या काळात बांधलेली. आत मात्र डिसेंबर १८३७ मध्ये फील्ड मार्शल दालनाजवळ, खऱ्या भिंतीच्या आणि तिच्यापुढे उभारलेल्या लाकडी भिंतीच्या मधल्या पोकळीत आग धुमसली आणि तीन दिवस जळत राहिली. राहिल्या त्या भिंती. झार पहिल्या निकोलसने वर्षभरात राजवाडा उभा करायचा हुकूम सोडला, आणि १८३९ च्या ईस्टरपर्यंत मुख्य दालनं तयार झाली. ओला गिलावा लवकर वाळावा म्हणून आत इतक्या भट्ट्या पेटवलेल्या असत की त्या उष्णतेने कामगारांचे जीव गेले. हे मी प्रत्येक गटाला सांगते. तिथल्या मुख्य, जॉर्डन जिन्यावर उभं राहून ते न सांगणं मला पटत नाही.

त्या घाईतही कारागिरीत तडजोड दिसत नाही. वासिली स्तासोव या वास्तुकाराने हा जॉर्डन जिना रास्त्रेलीच्या धाटणीनेच पुन्हा केला, फक्त वरचे खांब करड्या ग्रॅनाइटचे बसवले. अलेक्सांद्र ब्रुलोव या दुसऱ्या वास्तुकाराने सम्राज्ञीसाठी मॅलेकाइट या हिरव्या दगडाचं दालन केलं. तिथले हिरवे खांब अख्ख्या दगडाचे वाटतात, पण तसे ते नाहीत. उरल पर्वतातल्या खाणीतल्या मॅलेकाइटचे काही मिलिमीटर जाडीचे पापुद्रे कापायचे, त्यांच्या रेघा एकमेकींना जुळतील असे ते खांबाच्या गाभ्यावर चिकटवायचे, सांधे त्याच दगडाच्या भुकटीने भरायचे आणि सगळं घोटून एकजीव करायचं. याला रशियन मोझाइक म्हणतात. या दालनाला सुमारे दोन टन मॅलेकाइट लागलं. इथे खांबाच्या अगदी जवळ जा आणि सांधा शोधा. मला अजून सहजासहजी सापडत नाही.

या राजवाड्यांमधली अर्धी श्रीमंती अशीच हाताच्या कसबातून आलेली आहे. संगमरवर म्हणून आपण ज्या भिंतींकडे बघतो त्यातल्या कितीतरी जिप्सम, सरस आणि रंग यांचं मिश्रण थापून, घासून, चकाकी आणून केलेल्या आहेत; आपल्या जुन्या वाड्यांतल्या घोटलेल्या चुन्याच्या भिंतीसारखीच ती मेहनत. छतावरची उठावाची नक्षी अनेकदा सपाट असते, करड्या छटांनी सावल्या रंगवून उठाव भासवलेला. म्हणून "खरं की खोटं" हा प्रश्न १८ व्या शतकातल्या दालनालाही विचारता येईल, आणि उत्तर तितकंच अवघड येईल.

आता पावलोव्स्क. बहुतेक सहलींच्या यादीत हे नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. एकच राजवाडा बघायला वेळ असेल तर मी हाच सांगेन. सम्राज्ञी कॅथरीन द ग्रेटने मुलाला, पॉलला, ही जागा दिली आणि चार्ल्स कॅमेरून या स्कॉटिश वास्तुकाराने १७८२ पासून इथे राजवाडा बांधला: पिवळा, आटोपशीर, ६४ खांबांच्या कड्यावर टेकलेला बसका घुमट. पॉलची बायको मारिया फ्योदोरोव्ना हिने तो आयुष्यभर सजवला. १८०३ मध्ये तोही जळला आणि वोरोनिखिन या वास्तुकाराने पुन्हा उभा केला.

१९४१ मध्ये आन्ना झेलेनोवा ही अठ्ठावीस वर्षांची बाई इथली प्रमुख झाली. काय हलवायचं, काय पुरायचं हे तिनेच ठरवलं. फर्निचर, चिनी मातीची भांडी, पडदे बांधून रवाना झाले. प्राचीन रोमन पुतळे नेणं शक्य नव्हतं. ते तळघराच्या एका कोपऱ्यात एकमेकांना खेटून उभे केले आणि पुढे विटांची भिंत बांधून ती जुनी दिसावी म्हणून मळवली. राजवाड्यात दोन वर्षांहून जास्त काळ राहिलेल्या जर्मनांना ते सापडले नाहीत. लेनिनग्राडमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, पोचलेल्या वस्तू सेंट आयझॅक कॅथेड्रलच्या तळघरात ओलीपासून, जर्मन वेढ्यातल्या उपासमारीने खंगलेल्या माणसांनी जपल्या. जानेवारी १९४४ मध्ये झेलेनोवा परत आली तेव्हा राजवाडा जळत होता. छत नव्हतं, घुमट नव्हता.

हे भग्नावशेष तसेच राहू द्यावेत, असं तेव्हा म्हणणारे होते. ज्या शहराने लाखो माणसं उपासमारीने गमावली, त्याने आधी घरं बांधायची की राजांचे महाल? हा प्रश्न मला आजही चुकीचा वाटत नाही. झेलेनोवाने उत्तर कामातून दिलं. ढिगारा चाळून गिलाव्याच्या नक्षीचे हजारो तुकडे वेचले, प्रत्येक तुकडा कुठल्या दालनाचा ते नोंदवलं. एक पान, एक पाकळी मिळाली की तिच्यावरून साचा आणि साच्यावरून पूर्ण पट्टी. मदतीला जुने नकाशे, वस्तूंच्या याद्या आणि युद्धाआधीचे फोटो होते. कारागीर मात्र उरले नव्हते, ते घडवावे लागले. लेनिनग्राडचा वेढा उठायच्या आधी, १९४३ मध्येच, शहरात पोरापोरींना गिलाव्याची नक्षी, लाकूडकाम, भित्तिचित्रं शिकवणारी शाळा सुरू झाली होती. पावलोव्स्कची पहिली दालनं १९५७ मध्ये उघडली, काम १९७८ मध्ये संपलं. मूळ बांधायला लागला नसेल इतका वेळ.

इथल्या मोठ्या सिंहासन दालनाच्या छतावर उंच खांबांची आणि आकाशाची भव्य चित्ररचना आहे. गोंझागा या इटालियन चित्रकाराने तिचा आराखडा केला होता, पण त्याच्या हयातीत ती रंगवली गेलीच नाही. युद्धानंतर अनातोली त्रेस्किनने त्या आराखड्यावरून ती रंगवली. म्हणजे झारांच्या काळी इथे जे नव्हतं तेही आज आहे. कडक शिस्तीच्या जाणकारांना हे रुचत नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं, आणि तरीही ते छत पुसावं असं एकदाही वाटलं नाही. दीडशे वर्षं कागदावर राहिलेलं काम एका रंगाऱ्याने युद्धातून वाचलेल्या छपराखाली नव्हे, नव्याने घातलेल्या छपराखाली पूर्ण केलं, याचं मोल मला जास्त आहे.

अस्सल वस्तू हवीच असेल तर शयनदालनात जा. १७८२ मध्ये पॉल आणि मारिया पॅरिसला गेले तेव्हा मिळालेला फ्रान्समधल्या सेव्र कारखान्याचा चिनी मातीचा शृंगारसंच तिथे आहे: गडद निळा, सोनेरी, मूळचा. भोवतालची खोली मात्र पुन्हा बनवलेली. दोन्हीत फरक कळतो का, ते स्वतः बघा.

आणि हाताशी आणखी एक दिवस असेल तर गाचिनाला जा. रिनाल्दी या वास्तुकाराने बांधलेला हा दगडी राजवाडा युद्धानंतर अनेक वर्षं दुसऱ्या संस्थांच्या ताब्यात होता. जीर्णोद्धार १९७६ मध्ये सुरू झाला आणि पहिली दालनं १९८५ मध्ये उघडली. तिथे काही ठिकाणी अजून उघड्या विटांच्या भिंती आहेत, आणि शेजारच्या दालनात रेशीम, सोन्याचा वर्ख, लाकडाची जडवलेली फरशी. पावलोव्स्कच्या आधी गाचिना बघितलंत तर प्रत्येक पट्टीमागे किती काम आहे ते मला वेगळं सांगावं लागणार नाही.