सुरतेचं आउटडोअर, अमळनेरचं इनडोअर

गिरणीचा पट्टा तुटला की मी दुकानात जाऊन नुसतं "एक पट्टा द्या" म्हणत नाही. सेक्शन, म्हणजे पट्ट्याची रुंदी-जाडी, सांगतो, नंबर सांगतो, जुना पट्टा सोबत नेतो. ए सेक्शनच्या पुलीवर बी सेक्शनचा पट्टा चढतो, नाही असं नाही. पण खोबणीत वरवर बसतो, घसरतो आणि चार दिवसांत जळक्या रबराचा वास सुटतो. सत्तावीस वर्षं पिठाची गिरणी चालवून एवढं कळलेला माणूस मी. त्याच माणसाने सुरतेहून आलेलं एसीचं आउटडोअर, म्हणजे बाहेरचं युनिट, अमळनेरच्या इनडोअरला, म्हणजे आतल्या युनिटला जोडून घेतलं.

झालं असं की आमच्या जुन्या एसीचा कॉम्प्रेसर बसला होता. आतलं युनिट ठणठणीत. तिकडे सुरतेला शालकाचं उलटं: घर बदलताना आतलं युनिट मजुरांच्या हातून पडून फुटलं, बाहेरचं शाबूत. दोन्ही दीड टनाची. फोनवर आम्ही दोघांनी मिळून हिशेब केला की अर्धं त्याचं, अर्धं माझं, म्हणजे एक पुरं. साड्यांच्या गठ्ठ्यांबरोबर टेम्पोतून आउटडोअर आलं. भाडं सातशे रुपये. मी खूश. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दहा दिवसांवर आलेली, नंदुरबारहून बहीण लेकरांना घेऊन माहेरी येणार, आणि ऊन असं की दुपारी एकनंतर गिरणीत दळण घेऊन कुणी फिरकेना.

आईने पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, "हाई डबडं कोनी आनं?"

गावातल्या एका मेकॅनिकने जोडणी केली. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्याच्याइतकाच शहाणा मी होतो. नळ्या जुन्याच ठेवल्या, भिंतीत बुजवलेल्या होत्या म्हणून. मशीन सुरू झालं. खोली गार झाली. नऊ दिवस गार राहिली. आखाजीच्या आदल्या रात्री आतल्या कॉइलवर बर्फ धरला. मेकॅनिक आला, "गॅस कमी झालाय" म्हणाला, सिलिंडर लावून भरून गेला. सणाच्या दिवशी दुपारी, पुरणपोळी आणि आंब्याचा रस पोटात गेल्यावर सगळे त्या खोलीत आडवे झाले, आणि अर्ध्या तासात बाहेर खट्ट आवाज होऊन सगळं बंद. बहिणीची पोरं उठून कूलरपुढे जाऊन बसली. आई काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

मग ज्याला बोलावलं तो चोपड्याकडचा. केळी पिकवायच्या चेंबरची मशीनं सांभाळतो. तिथे सोळा-अठरा अंशांचं गणित चुकलं तर गाडीभर केळी वाया जाते, त्यामुळे हे लोक अंदाजाने काही करत नाहीत. त्याने आधी दोन्ही युनिटांच्या प्लेटा वाचल्या. मी सत्तावीस वर्षं मोटारींच्या प्लेटा वाचतो, या दोन मात्र वाचल्या नव्हत्या. आतलं आर-२२ गॅसवरचं, बाहेरचं आर-३२ वरचं. "भाऊ, हाई जोडी जमनार नही," तो म्हणाला. मग त्याने कॉम्प्रेसरमधलं तेल थोडं कागदावर काढून दाखवलं. काळंकुट्ट, आंबूस वासाचं.

आर-३२ चा दाब आर-२२ पेक्षा साधारण दीडपटीहून जास्त. आमची जुनी कॉइल आणि जुने जोड त्या दाबासाठी केलेलेच नव्हते, म्हणून गॅस हळूहळू निघून गेला. वर पहिल्या भाऊने भरला तो आर-२२, म्हणजे दोन गॅसांची खिचडी. शिवाय दोघांची तेलं वेगळी. आर-२२ च्या मशीनमध्ये खनिज तेल असतं, आर-३२ मध्ये एस्टर जातीचं कृत्रिम तेल, आणि ते ओल ओढून घेतं. म्हणून नळ्या जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा-ओल पूर्ण काढावी लागते. आमच्याकडे गॅसचाच एक झोत मारून हवा बाहेर काढली होती. मी समोर उभा होतो, वर चहाही पाजला होता.

आणि "दोन्ही दीड टन" याला काही अर्थ नाही, हे तिसरं. बाहेरचा कॉम्प्रेसर किती गॅस खेचतो, आतली कॉइल किती उष्णता घेते आणि मधली कॅपिलरी, म्हणजे केसासारखी बारीक नळी, किती गॅस सोडते, हे तिन्ही कंपनीत एकमेकांना धरून ठरवलेलं असतं. कॉइल लहान पडली तर बर्फ धरते, आणि वाफ न झालेला पातळ गॅस परत कॉम्प्रेसरमध्ये जातो. इन्व्हर्टर मशीन असतं तर निदान सुरूच झालं नसतं. त्यात आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड बाहेरच्या कार्डाशी सिग्नलच्या वायरीने बोलतं, परक्या कार्डाची भाषा त्याला कळत नाही. साध्या मशीनचा तोटा हा, की ते बिचारं कुणाबरोबरही चालायला लागतं.

टनावरून आठवलं. गिरणीत एका म्हातारबाबांनी विचारलं होतं, एवढं हलकं मशीन दीड टनाचं कसं? टन म्हणजे मशीनचं वजन नाही. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, ती ओढून बाहेर फेकायची ताकद. तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं एक माप), किंवा साडेतीन किलोवॅट. पण प्लेटवरचा हा आकडा बाहेर ३५ अंश असताना मोजलेला असतो. आमच्याकडे ३५ अंश होळीच्या सुमारासच होतात! मे महिन्यात ४४-४५ ला तेच मशीन कमी गारवा देतं आणि वीज जास्त खातं. नवं घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार दहा बाय बाराच्या खोलीला एक टन पुरेल म्हणत होता. चोपड्याच्या भाऊने विचारलं, वर काय आहे? उघडा स्लॅब. भिंत कोणत्या बाजूला? पश्चिमेला. मग दीडच.

आजीचं घर धाब्याचं होतं. वर हातभर माती, खाली सागाची सरं, भर उन्हाळ्यात आत माठ ठेवल्यासारखं. ते पाडून आम्ही स्लॅब घातला आणि आता त्या स्लॅबची उष्णता काढायला मशीन घेतोय. असो.

नवं घेताना आईने एक अट घातली. "उन्हायामा ठीक शे, पन हिवायामा माले हिव वाजस, तवय हाई काय कामनं?" तिचे गुडघे डिसेंबरात धरतात. रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, आणि ती दोन हजार वॉटचा हीटर लावून बसते. त्यामुळे हॉट अँड कोल्ड घेतलं. त्यात एक चार तोंडांचा व्हॉल्व्ह असतो, तो गॅसची वाट उलटी फिरवतो आणि बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. हीटर दोन हजार वॉट खाऊन दोन हजारच देतो. हे मशीन विजेच्या एका युनिटमागे अडीच-तीन युनिटांची ऊब देतं. एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नाही. थंडीत पाणी बाहेरच्या युनिटमधून गळतं. पहिल्या आठवड्यात ते खाली शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडलं. आता खाली एल्बो लावून नळी सोडली आहे.

नळ्या नव्या टाकल्या, दोन सूत आणि चार सूत (पाव आणि अर्धा इंच), भिंत फोडून. जुन्या मापाला बसत होत्या, पण आत जुनं तेल होतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो विजेत, आणि इथे मी जरा ताठ बसलो, कारण हे माझं. पण इथेही चूक सापडली. पहिल्या जोडणीत सोळा अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत होती म्हणून मेकॅनिकने बत्तीसची बसवली होती. खाली वायर दीड चौरस मिलिमीटरची, मीटरपासून वीस-बावीस मीटर लांब. एमसीबी ही वायर वाचवायला असते. पातळ वायरीवर मोठी एमसीबी म्हणजे आधी वायर जळणार, मग एमसीबीला कळणार. आता चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि वीस अँपिअरची सी टाइप (मोटार सुरू होतानाचा झटका सोसणारी) एमसीबी आहे. संध्याकाळी सात-साडेसातला आमच्या मीटरवर व्होल्टेज १८० वर येतं, म्हणून स्टॅबिलायझर चार केव्हीएचा. तो १८० चे २२० करताना लाइनीतून तेवढाच करंट जास्त खेचतो, हे वायर ठरवताना धरायचं असतं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकतो. कोरड्या मातीत अर्थिंग नावालाच.

कूलर काढलेला नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात खिडकी उघडी ठेवून कूलरच बरा, बिलही कमी. मृग लागला, हवा दमट झाली, की कूलर नुसता चिकचिकाट करतो, तेव्हा एसी. दोन्ही एकदम मात्र लावू नये. कूलरने ओल सोडायची आणि एसीने तीच ओल काढत बसायची, म्हणजे एकाने दळायचं आणि दुसऱ्याने सांडायचं. शालक आला होता तेव्हा त्याने हेच केलं. त्याला बोललो नाही. त्याचं आउटडोअर जाळलं होतं.

ते आउटडोअर आता गिरणीत दाराशी आहे. भंगारवाल्याने तांब्याचा भाव सांगितला, चांगला होता, पण गिऱ्हाइकांना दळणाचे डबे ठेवायला ती उंची नेमकी जमली आहे.