हिरवा दोरा

आधीच सांगून टाकते, आम्ही पंढरपूरला पोचलो नाही. पुणे ते लोणंद, पाच दिवस, सुट्टी तेवढीच मिळाली. मी, आई आणि तेरा वर्षांचे चिरंजीव. आईच्या माहेरची दिंडी आहे, रथामागची, तिथेच तिघांची भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाची वर्गणी, भरली आणि सामान ट्रकमध्ये टाकलं.

पुणे-सासवड म्हणजे वारीतला सगळ्यात लांबचा टप्पा, तीसेक किलोमीटर. मी काय केलं, तर मोबाईलवर किलोमीटर मोजले. दिवे घाट चढताना लोक ज्ञानोबा-तुकाराम म्हणत होते आणि मी मनातल्या मनात मंगळवारच्या मीटिंगचं प्रेझेंटेशन करत होते, मध्येच रात्री टॉयलेटची सोय कशी असेल ही काळजी, त्यात दादाचे फोन, कुठपर्यंत आलात, लोकेशन पाठव. दर अर्ध्या तासाने मी आईला विचारायचे अजून किती राहिलं, शेवटी ती उखडलीच. "मी काय मैलाचा दगड आहे का गं?"

सासवडचा मुक्काम, जेजुरीचा भंडारा, सगळं आता एकात एक मिसळलंय. पहाटे तीनला उठायचं, अंधारात टँकरच्या नळाखाली थंड पाणी अंगावर घ्यायचं, कुणाचा तरी टॉवेल आपल्या पिशवीत निघायचा. तंबूत शेजारी एक आजी इतक्या घोरायच्या की एका रात्री मी खरंच रडकुंडीला आले होते. फोटोवाल्यांचा तर वेगळाच वैताग, चालत्या दिंडीसमोर उलटे चालत येतात आणि म्हाताऱ्या बायकांना हसायला सांगतात. आणि मग मध्येच पखवाज लागायचा आणि माझे पाय आपोआप त्यावर पडायला लागायचे, ते कधी सुरू झालं कळायचंच नाही.

वाल्ह्याहून निघालो त्या दिवसाचं मात्र सगळं लख्ख आठवतंय. वारीसाठी म्हणून मुद्दाम घेतलेले महागाचे बूट, आणि डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड. डांबर तापलेलं. टाच टेकली की डोक्यात कळ जायची. आई दिंडीबरोबर पुढे गेलेली, चिरंजीव तिच्याबरोबर, मी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसले आणि सरळ एसटी पकडून घरी जावं या विचाराने फोन काढला तर नेटवर्क नाही.

तेवढ्यात एक मावशी रांग सोडून आल्या. परभणीकडच्या. पायात झिजून पातळ झालेल्या चपला, डोक्यावर पिशवी. "बस माय, उठू नको. दाव पाय." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी माझा तो धुळीने भरलेला पाय उचलून मांडीवर घेतलासुद्धा. मला इतकं अवघडल्यासारखं झालं, आईच्या वयाची बाई. त्यांनी चंचीतून सुई काढली, काडी ओढून टोक तापवलं, पदराच्या काठातला एक हिरवा धागा ओढून तोडला आणि सुईत ओवला. फोडाच्या एका बाजूने सुई आत, दुसऱ्या बाजूने बाहेर, दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं जराशी लोंबती सोडली. पाणी त्या दोऱ्यावरून थेंब थेंब गळायला लागलं. मी ते थेंब बघत बसले. किती वेळ, माहीत नाही. वर चिमूटभर हळद आणि खोबरेल तेल.

"वढू नको बरं का. सुकलं की गळंल आपसूक. अन् हे बूट ठिव ट्रकात."

मी म्हटलं मावशी तुमची दिंडी पुढे गेली. त्या म्हणाल्या, "जाऊ दे की, कुटं जाती?" मग उठल्या, वाकून माझ्याच पायाला हात लावला, माऊली म्हणाल्या आणि भराभर चालत गर्दीत दिसेनाशा झाल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान घातलं ते मला दिसलं नाही, मी खूप मागे होते. चिरंजीव दिंडी सोडून उलटे मला शोधत आले. घरी हाक मारली तरी दार न उघडणारा मुलगा. दोघं लोणंदपर्यंत हळूहळू चाललो, काही बोललो नाही फारसं, त्याने वाटेत मला फुगडी घालतेस का विचारलं. या पायाने! दोन गिरक्या घेतल्या.

लोणंदला समाजआरतीच्या वेळी हजारो टाळ वाजत होते, चोपदारांनी दंड वर केला आणि एका क्षणात सगळं गप्प. फक्त लांब एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. काहीतरी तक्रार होती त्यांची, ती सांगायची पद्धतच तशी. मला हसू आलं, देवाच्या दारात पण कुणाचं तरी पाण्याचं नाहीतर जागेचं बिनसलेलं असतंच. मग हरवलं-सापडलं पुकारलं. माझं काही हरवलं नव्हतं, तरी कान देऊन ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी एसटीने तीन तासांत परत. आई खिडकीला डोकं टेकून झोपली. शेजारच्या काकूंनी विचारलं दर्शन कसं झालं, आई म्हणाली छान झालं.

मंगळवारी मीटिंगमध्ये टेबलाखाली हळूच सँडल काढून बघितलं. दोरा अजून होता.