पत्र्याखालचं श्रुतलेखन

श्रीवर्धन तालुक्यात माझा साऊंड सिस्टीमचा धंदा आहे. लग्न, साखरपुडा, गणपती, शिमगा, शक्ती-तुऱ्याचे सामने, ग्रामसभा. शाळेचं काम म्हणजे 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि स्नेहसंमेलन. एक मशीन (म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर), दोन कर्णे, एक माइक, दुपारपर्यंत सगळं आवरून टेम्पोत. वर्गात रोज शिकवण्यासाठी सिस्टीम लावा असं सांगत कोणी आलं नव्हतं. ते काम आलं एका गावाच्या मुंबई मंडळाकडून. चाकरमान्यांनी शाळेसाठी वर्गणी काढली होती. बाईंचा आवाज पावसात पोरांना ऐकू जात नाही, हे कोणीतरी मे महिन्यात गावी आल्यावर ऐकलं होतं. खजिनदारांनी फोनवर यादीच सांगितली : दोन मोठे बॉक्स, मोठं मशीन, दोन कॉर्डलेस माइक. गणपतीतही उपयोगी पडतील, असंही म्हणाले.

शाळा पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. जांभ्याच्या भिंती, आतून गिलावा, खाली लादी. वर पूर्वी कौलं होती. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि शाळेची कौलं वाशांसकट गेली. नंतर पत्रे चढले. ते वर्ष कोरोनाचं, शाळा बंदच होत्या. त्यामुळे पत्र्यांचा पहिला पावसाळा रिकाम्या खोलीवरच पडून गेला आणि तो आवाज काय आहे हे पोरं परत आल्यावरच कळलं.

मी जुलैत गेलो. सामान ओसरीवर उतरवेपर्यंत पाऊस धरला. तिसरी-चौथीच्या वर्गात बाई श्रुतलेखन घालत होत्या. मला म्हणाल्या, "दादा, दहा मिनिटं बसता का? एवढं संपवते." मी मागच्या बाकाशेजारी खाली बसलो आणि आवाज मोजायचा मीटर काढला. काटा सत्तर डेसिबलच्या पुढे. पोरं तर गप्प बसून लिहीत होती, म्हणजे हा सगळा नुसता पत्र्याचा आवाज.

बाई शब्द दोनदा म्हणायच्या, दुसऱ्यांदा ओरडूनच. गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो, स्वतःला कळतही नाही. एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने हे 1911 मध्येच मांडलंय. टेबलावर ज्येष्ठमधाच्या काड्या होत्या. पावसाळाभर घसा बसलेला असतो, असं बाईंनी नंतर सांगितलं.

पुढच्या बाकापर्यंत शब्द पोचत होते. माझ्यापर्यंत पोचत होता तो शब्दाचा सांगाडा. तोंडापासून मीटरभरावर साधारण 65 डेसिबल असलेला आवाज अंतर दुप्पट झालं की सहाने उतरतो. दोन मीटरवर 59, चार मीटरवर 53. खोलीच्या भिंती थोडं परत देतात, पण ते घुमत घुमत येतं, नेमक्या अक्षरावर बसत नाही. वरून सत्तरचा पाऊस. बाई कितीही ओरडल्या तरी मागच्या बाकावर पाऊसच मोठा.

शेजारी चौथीतली एक मुलगी बसली होती. तिच्या वहीत मी डोकावलो. बाईंनी 'पान' सांगितलं, तिने 'कान' लिहिलं होतं. 'सात'चा 'हात'. 'खत'चा 'कत'. 'शिखर'चं 'शिकर'. 'थवा'चा 'तवा'. काना, वेलांटी सगळं जिथल्या तिथे, चुकलेलं फक्त व्यंजन. आणि 'फणस' मात्र अगदी बरोबर. कोकणातल्या पोराला फणस अर्धा ऐकू आला तरी उरलेला ते स्वतःच्या डोक्यातून भरतं. 'शिखर' ते कुठून भरणार?

ती वही बघताना माझ्या अंगावर काटा आला. आमच्या कामात जे कानाने ओळखावं लागतं ते इथे शिसपेन्सिलीने लिहून ठेवलेलं होतं. आ, ई, ओ यांना छातीचा जोर असतो, ते लांब जातात. क, ख, त, थ, प, स, श यांचा बारीक भाग नुसत्या श्वासाचा, क्षणभराचा, वरच्या पट्टीतला. पत्र्यावरचा पाऊस सगळ्या पट्ट्यांत एकदम वाजतो आणि हा बारीक भाग आधी गिळतो. खाली उरतात स्वर. मोठ्या माणसाला तेवढ्यावर भागतं, कारण भाषा त्याच्याकडे आधीच भरलेली असते. मुलांचं हे कौशल्य तेरा-चौदा वर्षांपर्यंत पक्कं होत राहतं, आणि शाळेत तर ती नवे शब्दच शिकायला येतात. त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त स्वच्छ आवाज लागतो. आपण त्यांना कमी देतो.

बाईंना विचारलं, "ही मुलगी कशी आहे अभ्यासात?"

"हुशार आहे हो. पण लक्ष नसतं. आणि घरची बोली तशी, ख आणि क यात फरकच करत नाहीत."

पुढच्या बाकावरची दोन पोरं त्याच वाडीतली होती. त्यांच्या वह्या मागवल्या. 'खत' बरोबर, 'शिखर' बरोबर, 'थवा' बरोबर. घर एकाच वाडीत, बोली एकच, फरक पाच मीटरचा. बाईंनी तिन्ही वह्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी त्या मुलीला जवळ बोलावून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मी ओसरीवर येऊन खजिनदारांना फोन लावला. "काका, बॉक्स नकोत."

"का हो? पैसे आहेत की."

त्यांना सगळं नीट सांगितलं. मुलांना अक्षर न् अक्षर कळायचं तर शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा साधारण 15 डेसिबल वर हवा. पाऊस सत्तरच्या पुढे, म्हणजे मला पोरांच्या कानात 85 च्या वर घालावे लागतील. कारखान्यात आठ तास 85 म्हणजे कानांना धोक्याची रेघ. कामगाराला तिथे कानात बोळे देतात. सात-आठ वर्षांच्या पोरांना आपण तेच रोज द्यायचं? शिवाय एका कोपऱ्यात मोठा बॉक्स ठेवला की पुढच्याचे कान बसतात आणि मागच्याला घुमणंच मिळतं. आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळेभोवतीचं 100 मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं, आणि तिथे दिवसा 50 डेसिबलची मर्यादा. गणपतीत हाच नियम पोलीस आम्हाला दाखवतात. शाळेच्या आतल्या आवाजाकडे कोणी बघत नाही.

"मग पैसे घालायचे कशात?"

"आधी पत्र्यावर, मग माइकवर, उरलेले स्पीकरवर."

त्यांना पटायला वेळ लागला. वर्गणी देणाऱ्यांना दाखवायला काहीतरी दिसायला हवं, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी मुलीच्या वहीचा आणि पुढच्या बाकावरच्या वहीचा फोटो पाठवला. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

पत्र्याखाली जाड छत घालणं हा पक्का इलाज, पण भर पावसात ते होणार नव्हतं. मात्र गावात झापं होती. भिंतींना झडीपासून आडोसा करायला लोक पावसाआधी नारळाच्या झावळ्या विणून ठेवतात, त्यातली बरीच शिल्लक होती. थेंब पत्र्यावर थेट आपटतो म्हणून पत्रा वाजतो. तोच झापावर आधी फुटला, तर पत्र्याला नुसतं पाणी मिळतं. दुपारी उघडीप मिळाली तशी वाडीतली माणसं जमली. वर चढणाऱ्यांनी पाय बोल्टांच्या ओळीवरच ठेवायचे, कारण खाली आधार तिथेच असतो, असं मी चारचारदा बजावलं. ओला पत्रा दगा देतो. झापं दुहेरी पसरली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोळीवाड्यातून आणलेलं जुनं जाळं वरून टाकलं आणि कडेला काथ्याने बांधून घेतलं.

तोवर खाली माझं काम चालू होतं. चार लहान स्पीकर, दोन बाजूच्या भिंतींवर, बसलेल्या पोरांच्या डोक्याच्या थोडे वर, खाली कललेले. प्रत्येकाचा आवाज कमी, पण प्रत्येक पोरापासून एकतरी जवळ. मशीन एसी-डीसी, सोबत 12 व्होल्टची बॅटरी, कारण आमच्याकडे पाऊस आला की वीज जाते आणि सिस्टीमची खरी गरज तेव्हाच असते. बेस पार काढून टाकला, जांभ्याच्या खोलीत तो नुसता गुरगुरतो. इको बंद. मागच्या भिंतीवर शाळेतल्या दोन जाड सतरंज्या टांगल्या.

सर्वांत जास्त वेळ माइकवर घालवला. कॉलरचा माइक तोंडापासून वीतभर लांब असतो. त्याला बाईंइतकाच पाऊसही ऐकू येतो, आणि मशीन दोन्ही वाढवून देतं. मी हेडसेट माइक दिला, ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर. एवढ्यानेच बाईंचा आवाज माइकमध्ये पावसाच्या पंधरा-सोळा डेसिबल पुढे जातो. अंबाड्यामुळे त्याची तार मागे नीट बसेना, तेव्हा एका मोठ्या मुलीने दोन पिना लावून ती बसवली. बाई खोलीभर फिरल्या. एका जागी शिट्टी आली, तिथला स्पीकर थोडा वळवला.

तीनच्या सुमारास पुन्हा पाऊस आला, सकाळसारखाच झोडपणारा. वीजही गेली. बॅटरीवर मशीन चालू राहिलं. मीटर साठीच्या आसपास आला होता. पंधराचा फरक नाही मिळाला, दहा-बाराचा मिळाला, पण पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जवळजवळ सारखा. बाईंनी नवे शब्द घेतले, सगळे तसेच अवघड : थर, साखर, पाठ, काप, शिंपला, खडक. न ओरडता, प्रत्येक शब्द एकदाच.

त्या मुलीचे सगळे बरोबर आले. मागच्या दोन रांगांत इतर वह्यांतही चुका होत्या, पण त्या ऱ्हस्व-दीर्घाच्या, नेहमीच्या. बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "दोन वर्षं मी हिला लक्ष दे, लक्ष दे म्हणतेय." मी म्हटलं, "बाई, तुमच्या आवाजाची वाटच अडली होती."

पण एक वही सकाळसारखीच होती. तिसरीतला मुलगा, बसायला दुसऱ्या बाकावर, म्हणजे सकाळीही जवळच. दोन्ही वेळा निम्मे शब्द चुकलेले. वर्गात दंगा करतो म्हणून तो सगळ्यांना माहीत. पाऊस, पत्रा, अंतर, सगळं बाजूला काढल्यावरही जे उरलं ते त्याच्या कानातच असणार, हे बाईंच्याही लक्षात आलं. त्यांनी वही तोंडापुढे धरून मागून त्याला हळू हाक मारली. तो वळला नाही. डावीकडून मारली तेव्हा वळला. विचारल्यावर म्हणाला, उजवा कान वाहतो, आई तेल घालते.

मी साऊंडवाला, कानाचा डॉक्टर नव्हे. बाईंनी त्याच दिवशी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवलं. 2013 पासून ही पथकं शाळांत मुलं तपासतात आणि कान वाहणं, कमी ऐकू येणं हे त्यांच्या यादीत आहे. आईला बाईंनी स्वतः घरी जाऊन तेल बंद करायला सांगितलं. आमच्याकडे पोराचा कान पावसाळ्यात वाहायचाच असं धरून चालतात, आणि मला त्याची फार चीड आहे. वाहत्या कानाचं पोर पत्र्याखाली बसतं, अर्धं ऐकतं आणि दंगेखोर ठरतं.

पुढे त्याच्या पडद्याला भोक असल्याचं निघालं. उपचार चालू आहेत. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, म्हणून या वर्षी तो खाडीत डुंबायला गेला नाही. बाईंनी त्याला डावा कान स्पीकरकडे येईल अशा जागी बसवलंय, आणि श्रुतलेखनात आता त्याचे बरेच शब्द बरोबर येतात, 'स' आणि 'श' अजून अडतात. मंडळाने बॉक्सचे पैसे छताकडे वळवले. मे महिन्यात दोन्ही खोल्यांना पत्र्याखाली जाड छत होईल, पहिली-दुसरीच्या वर्गात स्पीकर त्यानंतर. तिथल्या गुरुजींनी तोवर मागचे बाक पुढे ओढून पोरांना अर्धगोलात बसवलं आहे.