आमची वाटचाल : काकांनी मोजलेली पानं

नाशिकच्या भांडी बाजारालगतच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही वाचनालय काढलं. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या गावात आणखी एक लायब्ररी कशाला, असं घरच्यांनीच विचारलं होतं. अनामत, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. पुढची बरीच वर्षं सुरळीत गेली.

पहिला दणका बसला तो दिवाळी अंकांवरून. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला ही गोडी लागली, आणि आमच्यासारख्यांचं वर्षभराचं भाडं त्याच गोडीवर निघतं. एकदा पैसे भरा, संक्रांत उलटून गेली तरी अंक बदलून न्या. आमच्याकडेच देवघेव शिकलेल्या एका मुलाने निम्म्या पैशांत, घरपोच, हीच योजना सुरू केली. सभासदांची नावं, पत्ते त्याने आमच्याच वहीतून उतरवून नेले होते. स्पर्धेचं दुःख मला नाही. पण त्याला शिक्का कसा मारायचा, फाटलेल्या पानाला खळ किती पातळ लावायची, खळीत मोरचूद का घालायचा, हे मी हाताला धरून शिकवलं होतं. त्या दिवाळीत निम्मे सभासद गेले. ते अजून मनातून जात नाही.

त्यातून सावरतोय तोच २ ऑगस्ट २०१६ उजाडला. मंगळवार होता. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर नाशिकला नवा नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं ते बघून आपण ठरवतो घाबरायचं की नाही. त्या दिवशी बघायलाही वेळ मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर खालचे तीन कप्पे चिखलात, पुस्तकांच्या नोंदीचं दाखल रजिस्टर फुगून दुप्पट झालेलं, आणि कार्डांवरची शाई एकमेकांत मिसळलेली. यजमान म्हणाले, रद्दीवाल्याला बोलवू.

त्याच दुपारी नाशिकरोडहून बस पकडून काका आले. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, आमचे अगदी सुरुवातीचे सभासद. काही न बोलता बाह्या सरसावून खाली बसले. ओलं पुस्तक उन्हात टाकू नका, पान आक्रसतं, म्हणाले. पंख्याखाली उभं करा, दर दहा पानांमागे वर्तमानपत्राचा कागद घाला, आणि तो भिजला की बदला. गुळगुळीत कागदाची पुस्तकं आधी घ्या, ती एकदा वाळली की वीट होते. त्यांचा अंगठा पानांवरून असा सरकायचा की एक पान कमी असलं तरी थांबायचा. जन्मभर नोटा मोजलेला हात तो.

दुसऱ्या दिवशी आणखी सातआठ जण आले. काम कंटाळवाणं, म्हणून एका ताईंनी वरच्या कप्प्यातलं कोरडं पुस्तक काढून मोठ्याने वाचायला घेतलं. बाकीचे कागद बदलत ऐकत होते. अंधार पडला तरी कुणी उठेना. पुढे काय झालं ते कळायला म्हणून सगळे परत दुसऱ्या दिवशी आले! पुस्तकं वाळली, काही गेली, पण ती बैठक राहिली. आता दर गुरुवारी संध्याकाळी भरते. भांडी बाजारातला एक दुकानदार, सातपूरच्या कंपनीतले दोघे, कॉलेजातल्या मुली, आणि नातवाला घेऊन येणाऱ्या एक आजी. आजींना वाचता येत नाही, पण मागच्या गुरुवारी कुठे थांबलो होतो ते त्याच सांगतात. यातले कितीतरी जण एका गल्लीत राहून एकमेकांना ओळखत नव्हते. आजी दवाखान्यात होत्या तेव्हा डबा याच मंडळींनी पोचवला.

तुमच्याकडे असं काही सुरू करणार असाल तर सांगते. प्रमुख पाहुणे बोलावू नका. बारापेक्षा जास्त माणसं झाली तर दुसरा वार ठरवा. प्रत्येकाने दोनच पानं वाचावीत, ज्याला नको त्याने पुस्तक मुकाट्याने पुढे द्यावं. लेखकाला काय म्हणायचंय हा प्रश्न शाळेतच राहू द्या. आणि चहा शेवटी, आधी दिला की गप्पाच होतात.

घरपोच योजना दोन दिवाळ्यांत बंद पडली. तो मुलगा मध्यंतरी उरलेली पुस्तकं विकायला आला होता. मी घेतली, पैसे मोजून दिले, पण 'बैस' म्हटलं नाही.

पुरात वाचलेल्या एका कादंबरीचं ११३–११४ हे पान वाहून गेलं होतं. काकांनी दुसरी प्रत मिळवून ते स्वतःच्या अक्षरात उतरवलं आणि खळ लावून जागच्या जागी बसवलं. गेल्या गुरुवारी ते पुस्तक वाचायला काढलं होतं. कॉलेजातली मुलगी ११२ पानाअखेर पोचली, समोरच्या पानावर आली, आणि अक्षर लागावं म्हणून पुस्तक घेऊन ट्यूबलाइटखाली जाऊन उभी राहिली.