निळी टेप

आत्या आमच्याकडे राहायला आली, त्याचा तो आठवा दिवस. तिच्या घराचं छत दुरुस्तीसाठी उघडं पडलं होतं, म्हणून बाबा जाऊन तिला घेऊन आले होते. आमचा कॅफे खाली आणि घर वर, मधे 18 पायऱ्या. आत्याला माझी खोली दिली होती आणि मी बाहेरच्या खोलीत गादी टाकून झोपत होते. पहाटे उठायचं, दिवा न लावता कपडे शोधायचे, कपाटाचं दार वाजू द्यायचं नाही, आणि ज्या वेळी घरातली कामं उरकायची त्याच वेळी खाली मशीन तापायला लावायचं.

मशीन चालू केलं की कॉफी तयार, असं लोकांना वाटतं. बॉयलर लवकर तापतो, पण ज्या जाड धातूच्या तोंडातून पाणी खाली उतरतं, ते तोंड आतपर्यंत तापायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्याआधी काढलेली कॉफी आंबट लागते. शिवाय रात्रीत हवा बदलली की ग्राइंडर पुन्हा जुळवावा लागतो. 18 ग्रॅम पूड, कपात उतरलेली 36 ग्रॅम कॉफी आणि त्याला 28 सेकंद, हे माझं माप. त्या शनिवारी तीच पूड 21 सेकंदांत धो-धो उतरली. चार वेळा दाते जवळ घेतले, चार कप बेसिनमध्ये ओतले, तेव्हा कुठे 27 वर आले. दार उघडायच्या आधीचं हे अर्ध्या तासाचं काम मला फार आवडतं. त्यात कुणी मधे बोललेलं मात्र खपत नाही.

तेवढ्यात दादाचा फोन आला. आईला तपासणीसाठी घेऊन तो निघाला होता आणि तिथली गर्दी बघता दुपारी 1 च्या आत काही परत येत नव्हता. भांडी धुणाऱ्या मुलानं येत नाही म्हणून कळवलं होतं. म्हणजे शनिवारच्या गर्दीला बाबा काउंटरवर आणि मी मशीनवर, एवढेच दोघं. वर धुण्याचं मशीन लावायचं होतं, आत्याची चादर बदलायची होती, तिच्या दुपारच्या गोळ्यांची आठवण ठेवायची होती.

आत्या पदर खोचून खाली आली. म्हणाली, "भांडी घासायला काही शिकावं लागत नाही. मी करते."

मी हो म्हटलं. पाहुणीला कामाला लावू नये असं बाबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण माझ्यासमोर सहा ऑर्डरी होत्या.

आता फडक्यांचं थोडं सांगायला हवं. कॅफेची फडकी आम्ही घरीच धुतो, दिवसाला वीस-बावीस. ती 60 अंशांच्या पाण्यात धुवायची आणि त्यात कपडे मऊ करणारं ते सुवासिक द्रव्य अजिबात घालायचं नाही. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि मग फडकं पाणी ओढत नाही, नुसतं सरकवतं. आदल्या दिवशी आत्यानं प्रेमानं सगळी फडकी धुऊन, तेच द्रव्य घालून, इस्त्रीसारख्या घड्या करून ठेवली होती. सकाळी 8 वाजता मी काउंटर पुसायला गेले तर पाणी जागच्या जागी. काही बोलले नाही, पण तो राग पोटात राहिला होता. पुढे जे झालं त्यात तोही मिसळला असणार.

आठ महिन्यांपूर्वी आम्ही बदामाचं दूध ठेवायला लागलो. रोज चार-पाच जण विचारायचे, शेवटी बाबांनी आणलं. तेव्हाच मी म्हटलं होतं की ते तापवायला वेगळ्या रंगाचा जग घेऊया. बाबा म्हणाले, आहेत त्यातल्याच एकाला टेप लावू. मी एका जगाच्या मुठीला निळी टेप गुंडाळली. रंगीत जगाचा विषय मी पुन्हा काढला नाही.

हा जग कुणासाठी इतका महत्त्वाचा होता, तेही सांगते. दर शनिवारी पोहण्याचा तास संपवून एक सात वर्षांचा मुलगा आईबरोबर येतो. केस ओले, हातात भिजलेली पिशवी, आणि ऑर्डर ठरलेली: हॉट चॉकलेट, वर फेस जास्त. त्याला बदाम, काजू, अक्रोड यांची तीव्र ॲलर्जी आहे. आईच्या पर्समध्ये ॲड्रेनालिनची दोन इंजेक्शनं कायम असतात. बदामाचं दूध ठेवायला लागलो त्याच आठवड्यात तिनं मला काळजीनं विचारलं होतं आणि मी ठामपणे सांगितलं होतं, "बदामाच्या दुधाचा जग वेगळा आहे. निळी टेप आहे बघा." जग उचलून तिला दाखवलासुद्धा होता. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. फेस नको असला तरी "मला दुधाची ॲलर्जी आहे" म्हणणारे आणि मग चीजकेक मागवणारे लोक मी दर आठवड्याला बघते. त्यांच्यामुळे मशीनमागच्या माणसाचा कान निबर होतो. ज्याच्या जिवावर बेतू शकतं, त्याचा शब्दही मग त्याच कानावर पडतो. नावडीला ॲलर्जी म्हणू नका, अशी माझी मनापासून विनंती आहे.

11 वाजून गेले होते. समोर 14 चिठ्ठ्या लागल्या होत्या. पोहून आलेलं ते मूल नेहमीच्या खुर्चीवर पाय हलवत बसलं होतं. मी मागे न बघता हात मागे नेला, धुतलेला जग उचलला, दूध ओतलं, वाफ दिली, चॉकलेटमध्ये घातलं, वर फेस. बाबांनी कप ट्रेमध्ये ठेवला आणि निघाले. पुढच्या चिठ्ठीवर बदामाचं दूध होतं. निळ्या टेपचा जग घ्यायला मी वळले.

सहा जग ओळीनं पालथे होते. सहाही चकचकीत. टेप एकावरही नव्हती.

"बाबा, थांबा! तो कप देऊ नका!"

माझा आवाज एवढा चढला की अख्खा कॅफे गप्प झाला. बाबा टेबलापासून दोन पावलांवर होते. मुलाची आई उठून उभी राहिली. मी आत्याकडे वळले आणि तशाच आवाजात म्हणाले, "टेप कुणी काढली? न विचारता कशाला हात लावतेस?"

आत्याचे हात कोपरापर्यंत साबणात होते. म्हणाली, "मी काढली. काळी पडली होती, खाली मळ साचला होता. नखानं खरवडून काढली." आणि मग अगदी हळू, जणू माझा आवाज तिनं ऐकलाच नव्हता, "जग मी सगळे गरम पाण्यानं, साबणानं घासलेत गं. पण ती नळी? बदामाच्या दुधातही तीच घालतेस ना? सकाळपासून बघतेय."

"ती आम्ही पुसतो," मी म्हटलं.

"त्याच फडक्यानं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या नळीला आम्ही वाँड म्हणतो. दूध तापवताना तिचं टोक दुधात बुडवून वाफ सोडायची, दूध साठ-पासष्ट अंशांवर आलं की वाफ बंद करायची, नळी बाहेर काढून ओल्या फडक्यानं पुसायची आणि एकदा रिकामी वाफ सोडायची. हे शेवटचं का करतात, हे मी नव्या मुलांना स्वतः शिकवते. वाफ बंद केली की नळीतली उरलेली वाफ थंड होऊन पाणी होते, आत पोकळी निर्माण होते आणि नळी थोडं दूध आत ओढून घेते. टोकाला जेमतेम सुई जाईल अशी चार छिद्रं असतात. त्यांच्या आत फडकं कधीच पोचत नाही. मी हे सगळं शिकवते. शिकवताना माझ्या डोक्यात होतं ते नासणारं दूध आणि बुजणारी छिद्रं. आत ओढलं जाणारं दूध बदामाचंही असू शकतं आणि पुढच्याच मिनिटाला तीच नळी त्या मुलाच्या दुधात जाऊ शकते, हे आठ महिन्यांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. वाफेनं जंतू मरतील, पण बदामातली प्रथिनं उष्णता चांगलीच सहन करतात. ती धुऊनच काढावी लागतात.

मी मुलाच्या आईकडे गेले. म्हटलं, जगांची अदलाबदल झाल्याची शंका आहे, आज त्याला बंद बाटलीतला रस देते. ती म्हणाली, "वेळेवर थांबवलंत, खूप बरं झालं. थँक यू." मी मान हलवली. नळीबद्दल तेव्हा बोलले नाही. ते बोलायला हवं होतं, हे मला तिथे उभी असतानाच कळत होतं.

दुपार कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. दादा आणि आई आले, गर्दी ओसरली. आत्या 2 वाजता वर गेली. मी 4 वाजता वर गेले तर तिनं स्वतःची चादर बदललेली, माझी गादी गुंडाळून भिंतीला लावलेली, आणि दोरीवर कॅफेची सगळी फडकी. नुसत्या पाण्यात दोनदा धुतलेली. सकाळी काउंटर पुसताना मी काय पुटपुटले ते तिच्या कानावर गेलं होतं. ती खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. गोळ्या घेतल्यास का, एवढंच मी विचारलं. "घेतल्या," म्हणाली.

रात्री बंद केल्यावर मी एकटी खाली थांबले. भांडंभर पाण्यात केकसाठीचा लाल रंग कालवला, वाँड बुडवून वाफ दिली, बंद केली, आमच्या नेहमीच्या पद्धतीनं नीट पुसली. मग पांढऱ्या कपात वाफ सोडली. पहिलेच थेंब गुलाबी. पुन्हा पुसून पुन्हा सोडली, तरी कपाच्या तळाशी फिकट छटा होतीच. टोक फिरवून काढलं. आतल्या आट्यांमध्ये दुधाचा पिवळट, कडक थर. आठवड्यातून एकदा आम्ही ती टोकं भिजवून साफ करतो आणि त्याचा मला अभिमान होता.

वळून बघितलं तर आत्या शेवटच्या पायरीवर बसली होती. कधी आली कळलं नाही.

"भांडी घासणाऱ्याला कळतं कशाला काय लागलंय," ती म्हणाली. "पण त्या टेपचं मला कुणी सांगितलं नव्हतं."

खरं होतं. टेपचा अर्थ ज्यांना आधीच माहीत होता त्यांनाच ती टेप काही सांगत होती. बाकी कुणासाठी ती मळलेली चिकटपट्टीच. मी म्हटलं, "आत्या, चुकले. सगळ्यांसमोर ओरडायला नको होतं." ती म्हणाली, "मूल वाचलं ना." पण माझ्याकडे न बघता म्हणाली. सोमवारी ती घरी गेली. छताचं काम तोवर संपलं नव्हतं.

त्या शनिवारी रात्री मी ॲलर्जीचे नियम वाचत बसले होते. ॲलर्जी होऊ शकणाऱ्या 14 पदार्थांची युरोपात यादी आहे. अमेरिकेत 8 होते, 2023 पासून तीळ धरून 9. पदार्थात काय घातलंय ते सांगा, असं या याद्या बजावतात. आमच्या कपात बदाम कुणी घातलाच नव्हता. म्हणून तर आठ महिने मी बेधडक "नाही" म्हणू शकले. त्या तीसेक शनिवारी मुलाला काही झालं नाही, पण त्यानं मला धीर येत नाही. कधी बदामाचा किती अंश गेला असेल आणि कुठल्या दिवशी त्याचं शरीर किती सोसेल, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

आणि सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे आमच्या मशीनला दोन वाँड आहेत. डावा भिंतीकडे आहे, हात अवघडतो, म्हणून मी तो वापरत नव्हते. बदामाच्या दुधाला तो पहिल्या दिवसापासून देता आला असता. आता दिलाय. दादानं त्याच आठवड्यात हिरव्या रंगाचा जग आणला, फडकी हिरवी, त्यांचं धुणं वेगळं. बाबांचं म्हणणं, आता काही भीती नाही. मला तसं म्हणवत नाही. गर्दीत हात उजव्या वाँडकडेच जातो, मी स्वतःला दोनदा पकडलंय.

पुढच्या शनिवारी मी मुलाच्या आईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, नळी, फडकं, लाल रंगाचं पाणी. ती ऐकत होती. मग विचारलं, "किती महिने?"

"आठ."

ती रागावली नाही. मुलाच्या ओल्या केसांवर हात ठेवून उभी राहिली.

ते अजून येतात. बंद बाटलीतला रस घेतात. परवा मुलानं काउंटरवर हनुवटी टेकवून विचारलं, "आज हॉट चॉकलेट?" त्याची आई माझ्याकडे बघत राहिली. डावा वाँड, हिरवा जग, सगळं माझ्या मागेच होतं.

मी नाही म्हटलं.