चित्रपट हशासाठी थांबत नाही

नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत थांबू शकतो आणि मगच पुढचे वाक्य उचलतो. पडद्यावरचा नट कोणासाठीही थांबत नाही. अत्यंत गांभीर्याने काढलेला, पण आज पाहताना हसू आवरू नये असा एखादा जुना चित्रपट मोठ्या पडद्यावर सलग चालू ठेवायचा आणि दोन-तीन विनोदी कलाकारांनी पडद्याशेजारी उभे राहून त्यावर शेरे मारायचे, अशा कार्यक्रमांच्या तयारीत मी असतो. या तयारीतला जवळजवळ प्रत्येक निर्णय शेवटी याच एका गोष्टीपाशी येऊन ठेपतो.

मूकपटांच्या काळात जपानमध्ये ‘बेन्शी’ पडद्याशेजारून निवेदन करत असत; शेरेबाजीचा हा प्रकार मात्र लोकप्रिय केला तो अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९८८ साली एका स्थानिक वाहिनीवर सुरू झालेल्या ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या मालिकेने. तिथे समोर प्रेक्षक नसल्याने विनोदावर विनोद रचता येत असत. भरलेल्या सभागृहात तसे करता येत नाही, कारण पहिल्या विनोदाचा हशा दुसऱ्याला गिळून टाकतो.

म्हणून चित्रपट निवडताना, हक्कांचा प्रश्न मिटला की, मी आधी त्यातल्या रिकाम्या जागा पाहतो. समजा, शास्त्रज्ञ दार उघडतो, कोट खुंटीला अडकवतो, खिडकीशी जाऊन उभा राहतो आणि मग बोलतो. त्याच्या पहिल्या वाक्यापर्यंत ९ सेकंद आहेत. शेऱ्याला ३ सेकंद लागतात, हशा ४ सेकंद टिकेल असे धरले तर उरतात २. लिहिणाऱ्याला तिथे आणखी एक विनोद घालण्याचा मोह हमखास होतो, आणि तो आवरावाच लागतो. कारण शास्त्रज्ञाचे ते वाक्य ऐकू गेले नाही तर त्याच वाक्यावर उभा असलेला पुढचा, कदाचित अधिक चांगला, विनोद कोणालाच कळत नाही. शेरा कोट खुंटीला लागण्याआधी यावा की नंतर, यावर आमच्यात तासन्‌तास वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत असे मला मनापासून वाटते.

संहितेत प्रत्येक शेऱ्यापुढे चित्रपटातील वेळ लिहिलेली असते. त्यामुळे ज्या प्रतीवरून लेखन झाले तीच प्रत सभागृहात चालणार आहे ना, ही खात्री आधी करून घ्यावी लागते. मूळ चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम या वेगाचा असतो. पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बहुधा २५ फ्रेमने धावतो, आणि ९० मिनिटांचा चित्रपट ८६ मिनिटे २४ सेकंदांत संपतो. अशा डीव्हीडीवरून लिहिलेली संहिता मूळ वेगाच्या प्रतीसमोर पहिल्या काही मिनिटांतच निकामी ठरते.

ध्वनीचे गणित वेगळेच असते. चित्रपटगृहातील मुख्य ध्वनिक्षेपक पडद्यामागे बसवलेले असतात आणि पडद्याला असलेल्या बारीक छिद्रांतून आवाज बाहेर येतो. त्याच पडद्यासमोर उघडे माइक घेऊन कलाकार उभे केले, तर चित्रपटाचा आवाज माइकमध्ये शिरतो आणि माइकचे आवाजही त्याच ध्वनिक्षेपकांतून सोडले असतील तर शिट्टी वाजू लागते. त्यामुळे कलाकार पडद्याच्या कडेला, माइक तोंडाजवळ आणि त्यांचे आवाज शक्यतो स्वतंत्र ध्वनिक्षेपकांतून, अशी मांडणी मला पसंत आहे. शेऱ्याच्या वेळी चित्रपटाचा आवाज किंचित खाली आणणारा आणि संवादाआधी तो परत वर नेणारा तंत्रज्ञ मी कलाकारांइतकाच महत्त्वाचा मानतो. त्याच्याही हाती पूर्ण संहिता असते आणि तोही प्रत्येक तालमीला हजर असतो. प्रकाशयोजनेचे मात्र, उजेड पडद्यावर सांडू नये एवढे पथ्य पाळले की काम भागते.

रंगीत तालीम थोड्या पण अनोळखी प्रेक्षकांसमोर घ्यावी, कारण ओळखीची माणसे प्रेमाने जास्त हसतात. तिथे आमच्यापैकी एकजण पडद्याकडे न पाहता फक्त हशा ऐकतो आणि तो कुठे सुरू झाला, कुठे विरला याच्या खुणा संहितेवर करत जातो. मोठ्या गर्दीत हशा अधिक लांबतो, हे धरून मग काटछाट होते. काही शेरे कायमचे जातात, काहींना ‘राखीव’ अशी खूण मिळते. असा राखीव शेरा प्रयोगात म्हणायचा की सोडायचा, हे ठरवण्याचा अधिकार एकाच कलाकाराकडे असतो, आणि त्याने मान हलवली की बाकीचे तो शेरा सोडून पुढच्या ओळीवर जातात.